उलटा बिल्ला

चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावर,
मे महिन्यात सकाळी साडेसहालाच
ऊन मानेवर हात ठेवतं.
उखर्डू भोई डोंग्यातलं पाणी डब्याने उपसत विचारतो,
"ताई, तठी म्हने बरफात नाव चालते. खरं का व माय?"

खरं आहे.
रबराची, काळी, दहा माणसांची.
वल्हं नाही, मागे इंजिन,
आणि इंजिनाचा दांडा धरून मार्सेला नावाची पोर,
तुझ्या धाकटीच्या वयाची.
चढताना ती हात देते तो पंजा नसतो.
मनगटाच्या वर, कोपराखाली घट्ट धरते.
"बरोबर करते," उखर्डू म्हणतो,
"पंजा निसटतो."

मग त्याला बुटांचं सांगते.
उतरण्याआधी औषधाच्या पाण्यात बुडवायचे,
तळव्यातली माती ब्रशने खरवडायची,
भुसावळचं एक कुसळ तिथे जायला नको.
माझ्या कोटाच्या खिशातून
ज्वारीचा एक दाणा निघाला होता.
तपासणाऱ्या मुलाने तो चिमट्याने उचलला,
पाकिटात बंद केला,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जणू मी तिथे पेरणीलाच आले होते.

सकाळच्या फेरीत पेंग्विन.
चालून चालून त्यांनी बर्फात पायवाटा पाडलेल्या,
आणि वाट त्यांची, आपण थांबायचं, असा नियम.
एक माझ्या बुटापाशी उभा राहिला,
तिकीट तपासनिसासारखा वर-खाली बघून गेला.
"वास?"
येतो बाबा. सुकटीच्या बाजारापेक्षा वाईट.
पुतण्याने घरी सगळ्यांना फोटो दाखवले
तेव्हा कुणी नाकाला पदर लावला नाही.
वरचा मजला झाला असता एवढ्यात,
असं मात्र दोघी-तिघी म्हणाल्या.
ह्यांच्या फंडाचे पैसे होते.

दुपारच्या फेरीत काही नव्हतंच.
एका खाडीत मार्सेलाने इंजिन बंद केलं,
ओठांवर बोट ठेवलं.
पाण्यावर बर्फाचे तुकडे, आणि त्यांतून
तड, तडतड, तड.
जुनी हवा सुटते म्हणे, हजारो वर्षं कोंडलेली.
मला ऐकू आलं ते
मळ्यात तुरकाठ्यांवर वांगी भाजतानाचं.
तोच आवाज.
डोळे मिटले तर धूरसुद्धा आला.

"खोल किती तठी?"
माहीत नाही.
"बांबू टाकून पाह्यला नाही कोनी?"
नाही टाकला.
उखर्डू मान हलवतो. हे त्याला पटत नाही.

तिसरी फेरी झालीच नाही.
वारा उठला, बर्फ सरकून आला.
पैसे भरलेले लोक काचेशी बसून कुरकुरले.
मला बरं वाटलं. पाय दुखत होते.

जहाजाच्या दारात एक फळा होता,
प्रत्येकाच्या नंबराचा बिल्ला त्यावर.
जाताना उलटा करायचा, आल्यावर सुलटा.
लोको शेडमध्ये ह्यांचा होता तसाच, पण तो पितळी,
आणि अडतीस वर्षांत हे एकदाही विसरले नाहीत.
मी विसरले.
रात्री जेवताना भोंग्यावर नंबर पुकारला,
मग नाव, धांडेचं काहीतरी भलतंच करून.
मी सूप पीत होते,
आणि त्यांच्या हिशेबात
मी अजून बाहेर, पाण्यावर.

दाराशी गेले तर मार्सेला
जाकीट चढवून उभी, मला शोधायला निघालेली.
रागावली नाही. हसलीही नाही.
कोपराखाली माझा हात धरला
आणि बराच वेळ सोडला नाही,
बोट हलत नसताना.

उखर्डू ऐकतो की नाही कळत नाही.
मधोमध येऊन तो बांबू सोडतो,
ओला भाग बोटांनी मोजतो.
"चार हात," म्हणतो. "औंदा लवकर उतरलं."