साडेसत्त्याहत्तर भोकं

लोटलीकराच्या काउंटरवर डबा उघडाच होता.
चौपन्न तुकडे, प्रत्येक आपापल्या खाचेत,
दाताच्या डॉक्टरकडे मांडलेले असतात तसे.
चार हजार सहाशे पन्नास.
"घे गो, नातवांक पावतलो," लोटलीकर म्हणाला.
मला नातवंडं नाहीत.
मला उद्या पर्वरीला तीन खिडक्यांचे पडदे लावायचे आहेत.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
दोनशे ऐंशीला मिळतो असाच डबा, झाकण तेवढं हिरवं.
दोन वर्षांत माझे चार झाले.
त्यातली बिटं पहिल्या दिवशी चमकतात,
दुसऱ्या दिवशी स्क्रूच्या डोक्यावर घसरतात,
तिसऱ्या दिवशी स्क्रूला डोकंच उरत नाही,
नुसती गुळगुळीत वाटी.
ती बाहेर कशी काढणार, हे मग घरची माणसं
माझ्या पाठीमागे उभी राहून बघतात.
बाई फिटर आली म्हणून ती आधीपासूनच उभी असतात.

चिऱ्याच्या भिंतीचं काही नाही.
चिरा पोयीसारखा. लाल पीठ सांडत राहतं,
हात कोपरापर्यंत रंगतो,
मध्येच काळा खडा लागला तर तेवढं थांबायचं.
पण नव्या फ्लॅटांतलं लिंटलचं काँक्रीट
आणि जुन्या घरांतलं मट्टीचं लाकूड,
यांना कळतं
हातातलं बिट किती रुपयांचं आहे.

बाबांकडे एक गिरमिट होतं आणि एक सामता.
पातं बोथटलं की कानस, कानस झिजली की शिव्या.
चौपन्न म्हटलं असतं तर म्हणाले असते,
तीन लागतात, बाकीच्या एक्कावन्नांना जेवायला कोण घालणार?
मी लोटलीकराला विचारलं, सुटे तीन देतोस?
"संच फोडत नाय."
ह्या चांदणीच्या टोकाचा स्क्रू
मी फोंड्यात आजवर पाहिलेला नाही.
पैसे मात्र त्याचेही द्यायचे.

"लावून तरी बघ."
त्याच्याच रॅकला एक गंजलेला स्क्रू होता,
दर पावसाळ्यात थोडा थोडा लाकूड झालेला.
मी टोक टेकवलं
आणि मनगटात खट् झालं.
बटण दाबायच्या आधीच कळलं, धरलाय.
अख्खा बाहेर आला, गंजाच्या भुकटीसकट,
मागोमाग रॅक एका अंगाला झुकला
आणि दीड इंची खिळ्यांचा पुडा
लोटलीकराच्या चहात.
इतकं चांगलं बिट त्यालाही नको होतं.

बिलाच्या पाठीमागे हिशेब मांडला.
एका भोकाचे मी साठ घेते.
चार हजार सहाशे पन्नास भागिले साठ,
साडेसत्त्याहत्तर.
सत्त्याहत्तर म्हणजे पर्वरीचे तीन फ्लॅट
आणि म्हार्दोळच्या मास्तरांची पुस्तकांची फळी,
जी ते गणपतीपासून पुढे ढकलतायत.
वरचं अर्धं कुठं पाडू?

मग आठवलं. हळदोणे.
कायतान मिनेझिसची बैठकीची खोली,
तुळईला दिव्याचा हूक लावायचा होता.
हिरव्या डब्यातलं बिट निम्म्यावर मोडलं,
टोक आतच राहिलं.
मी दोन बोटं बाजूला दुसरं पाडलं,
पहिल्यात मेण भरलं, वरून वॉर्निश,
आणि पैसे पूर्ण घेतले.
म्हातारा सगळा वेळ माझं स्टूल धरून उभा होता.
त्यानं पाहिलं की नाही, मला अजून माहीत नाही.
जाताना त्यानं मला सहा अंडी दिली
वर्तमानपत्रात गुंडाळून, एकेक वेगळं.

लोटलीकर चहातून खिळे वेचत होता.
मी दोन हजार काढून काउंटरवर ठेवले,
बाकीचे चतुर्थीच्या आधी देते म्हटलं.
तो म्हणाला, अर्धं भोक कसलं गो, काय पुटपुटतेस?
काही नाही, म्हटलं,
ते आधीच पाडून झालंय.