चार तारांचं नाक

सहा महिने तो पिवळा दिवा जळत होता डॅशबोर्डवर.
मी त्यावर कोपाकाबानाच्या माउलीचं स्टिकर चिकटवलं
आणि व्हिला अदेलाच्या फेऱ्या मारत राहिले.
माउली आतून उजळायची.
प्रवासी म्हणायचे, छान दिसतं.

मग पेट्रोलची टंचाई आली.
दोन रात्री रांगेत, स्टिअरिंगवर डोकं टेकून,
आणि भरलेली टाकी दीड दिवसात कोरडी.
मागच्या सीटवरची पोर म्हणाली,
नासक्या अंड्याचा वास येतो, मावशी.
तेव्हा गेले इलारियोन मिस्त्रीकडे.

पूर्वी हा माणूस गाडीमागे उकिडवा बसायचा,
धुरात तळहात धरायचा, मग तो नाकाशी नेऊन
सांगायचा : ऑइल जळतंय.
किंवा : काल कुणीतरी रॉकेल मिसळलंय, खरं बोल.
अर्धं एल आल्तो त्याच्या नाकावर चालायचं.
त्या साथीत तो वाचला, नाक वाचलं नाही.
आता सूप आणि ग्रीस त्याला सारखंच.
हे तो कुणाला सांगत नाही. मला कळलं,
कारण हात अर्ध्यापर्यंत गेला
आणि तिथेच थांबला.
मग त्याने मीटर काढला.

सुई तळाशी. रेस दिली तरी ढिम्म.
"सेन्सर मेलाय," तो म्हणाला.
"एकच रट लावलीय त्याने : हवा जास्त, हवा जास्त.
आणि इंजिन भोळं, ओततंय पेट्रोल."
चार हजार मीटरवर हवा जास्त!
आम्ही दोघं हसलो, आणि हसताना धाप लागली.

गुरुवारच्या बाजारात फेलिपाने पोत्यावर तीन मांडले.
एक जुना, साठ बोलिव्हियानो,
दुसऱ्या कुणाच्या धुराने काळवंडलेला.
एक नवाकोरा, स्वस्त, एका तारेचा.
तो एक्झॉस्टच्या उबेवर जागा होतो म्हणे,
पण इथे पहाटे उणे चार, तो उठेपर्यंत
माझ्या दोन फेऱ्या झालेल्या असतात.
आणि एक जपानी, डबीबंद, चार तारांचा :
दोन ऊब देणाऱ्या, एक सांगणारी,
एक सगळं ऐकून गप्प जमिनीला मिळणारी.
चारशे ऐंशी.
मी घासाघीस केली, निघून गेले, परत आले.
चारशे साठ. वर एक शिवी, प्रेमाची.

सत्तावीस वर्षांचा गंज काय असतो
ते पान्याला विचारा.
इंजिन कोमट ठेवलं, तेल सोडलं, वाट पाहिली,
पान्याच्या दांड्याला पाइप जोडला आणि मी लोंबकळले
बहात्तर किलोंची, सगळ्या परकरांसकट.
काहीच नाही. काहीच नाही.
मग एक किंकाळी, लोखंडाची का माझी कोण जाणे,
आणि तो हातात आला, काजळी खाल्लेला,
बोटाएवढा.
एवढ्याशाने नाकी नऊ आणले होते.

"आट्यांना पेस्ट लाव. टोकाला बोट लावू नकोस.
आधी हातानेच फिरव, पाना नंतर."
त्याचा आवाज असा, जसा कुणी
नवजात बाळाला अंघोळ घालायला शिकवतंय.

पुन्हा मीटर. सुई उठली.
वर गेली, खाली आली, पुन्हा वर.
मला वाटलं बिघडलं काहीतरी.
"नाही गं," तो म्हणाला, "हे असंच असतं.
जास्त झालं, कमी झालं, जास्त झालं.
एका जागी थांबला की समजावं, गेला."
आणि बराच वेळ पाहत राहिला सुईकडे.

मी स्टिकर सोलून काढलं.
दिवा विझला होता. माउलीखाली नुसती काच,
कडेला चिकट डिंक.

पैसे मोजताना त्याने विचारलं, खाली बघत,
"वास कसा येतोय आता?"
मी गाडीमागे उकिडवी बसले.
धुरात तळहात धरला, नाकाशी नेला.
शब्द सुचेना.
"भिंतीला पाणी मारल्यावर येतो," म्हटलं, "तसा काहीसा.
पण गरम."
त्याने मान डोलावली, हळूहळू,
आणि वीस बोलिव्हियानो परत केले.