पांढरा म्हणजे कोणता

पुलगावच्या अलीकडे, जिनिंगच्या आवारात
मी पहिल्यांदा ड्रोन उडवला तेव्हा
दुपारचा एक वाजला होता
आणि सगळं ‘ऑटो’वर होतं,
म्हणजे नशिबावर.

वर गेला, भणभणला, कुत्री भुंकली,
हमालांनी गठाण टेकवून माना वर केल्या.
स्क्रीनवर कापसाचा ढीग:
पांढरा. नुसता पांढरा.
ना धागा, ना सरकीचा ठिपका,
तेवढा भाग कुणी ब्लेडनं खरडून काढावा तसा.

शेठला व्हिडिओ चकाचक पाहिजे होता.
मला वाटलं, हेच चकाचक.

दशरथ झाडे, तीस हंगाम कापसाची प्रत ठरवणारे,
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
“काय व्हय हे सुकेशनी? चुना व्हय का?”

रात्री समजलं, जे जळून पांढरं झालं
ते नंतर कशानंच परत येत नाही.
अंधारात गेलेलं थोडंफार ओढून काढता येतं,
उजेडात गेलेलं नाही.

मग लेन्सवर काळी काच चढवली,
वेल्डिंगवाल्या अस्लमच्या चष्म्याची धाकटी बहीण.
पंचवीस फ्रेमला पन्नासचं शटर,
म्हणजे बैलबंडीचं चाक फिरताना
थोडं पुसट होतं, डोळ्याला दिसतं तसं,
आऱ्या मोजता येत नाहीत.
आयएसओ शंभर. त्याच्या वर गेलं की
सावलीत मुंग्या चालतात.

तरी कापूस हट्टी.
ड्रोन तांबड्या पत्र्याकडून वळला की निळसर,
निंबाकडून वळला की गुलाबी.
ढीग तोच, वळणावळणाला नवा.

झाडेकाकांनी मला त्यांच्या खोलीत नेलं.
उत्तरेची एकच खिडकी,
टेबलावर निळा कागद, कडा मळलेला.
त्यावर चिमूट ठेवली. “हा पयल्या वेच्याचा.
हा दुसऱ्या, सायीवानी.
ह्याले दव लागलं. हा फरदडीचा.
हे कवडी, हे तं आंधळ्यालेबी दिसते.
आता सांग, पांढरा म्हंजे कोनता?”

मी गप्प.

“उजेड बदलू द्याचा नाई, पोरी.
खिडकी तेच, कागद तोच.
नाईतं डोये रोज वेगळं बोलते.”

त्या संध्याकाळी व्हाइट बॅलन्स
साडेपाच हजारावर बांधून टाकला,
खुंट्याला गोऱ्हा बांधतात तसा.

लॉगमधलं चित्र घरी उघडलं, फिक्कट,
फोडणी न घातलेलं वरण.
आणि फोडणीत माझा हात सुटला.
निंब असे हिरवे की पोपटानं लाजावं,
आभाळ प्लास्टिकच्या बादलीचं,
कवडी निवडणाऱ्या बायांचे चेहरे
हळदीच्या दिवशीचे.

मायनं फोन दूर धरून पाहिलं.
ती स्वतःच त्या ओळीत बसली होती,
डावीकडून तिसरी.
“हे कोन व्हय?” म्हणाली,
आणि चुलीवरची कढी ढवळायला गेली.

मी सगळं पुसलं. पुन्हा सुरू केलं.
आधी उजेड, मग पांढरा,
रंग सगळ्यात शेवटी, तोही
मिठासारखा, चाखत चाखत.
तिच्या गालाचा तांबूसपणा परत आला,
हाताच्या भेगेतला काळा,
दुसऱ्या वेच्याची ती साय.

शेठला आवडला नाही.
“जरा मारून दे ना चमक,” म्हणाला,
पैसे त्यानं द्यायचे होते, मी मारून दिली.
त्याच्या फोनवर अजून तोच फिरतो,
चुन्याचा डोंगर, पोपटी निंब.

दुसरी फाईल माझ्या पेनड्राइव्हमध्ये.
नाव टाकताना थोडा वेळ गेला,
मग ‘दुसरा वेचा’ लिहिलं.
त्यात दोन मिनिटं चौदा सेकंदांवर
ढगाची सावली ढिगावरून सरकते,
झाडेकाका नेमके तेव्हाच वर बघतात.

तिथं मी काहीच केलेलं नाही.