एकतारे

भुसावळच्या पार्सल ऑफिसात, बेवारस मालाच्या लिलावात
तोताराम नेहेते यांनी घेतले सहा डबे.
सोबत फुटक्या बरण्यांचं एक खोकं,
ते घ्यावंच लागलं.
डब्यांवर नाव होतं. फैजपूरच्या ड्रॉइंग मास्तरांनी
चष्मा पुसून वाचलं : एत्तोरे वाल्सेकी, इटली.
बाजारापर्यंत पोचेतो त्याचं एकतारे झालं.
एकतारे. जसे आपले भारंबे, सरोदे, वायकोळे.

आज यावल, मग सावदा, मग न्हावी.
मी रीळ गुंडाळायचो,
मामा पडद्याशेजारी छडी घेऊन उभे.
"मले काय ठाऊक त्याची भासा?
त्याचं तोंड हाले, मी बोले."
राजा प्रधानावर खवळला
की वांग्याच्या भावावरून खवळायचा.

एकताऱ्यांचं चरित्र मामांनी डब्यांतूनच काढलं.
पहिल्यात गारठा, तुटका पूल, पावाची रांग,
नटांच्या अंगावर त्यांचेच कपडे.
"पैसे नव्हते त्याच्यापाशी. फाटकं ते फाटकंच दाखोलं."
रांगेत एक म्हातारी, नाकावर तीळ.
दुसऱ्यात तीच मासळी विकते.
तिसऱ्यात राणीची दासी, अंगावर मखमल, तीळ तोच,
आणि एकदा, चुकून, ती आपल्याकडे बघून हसते.
मामांनी छडी तिच्या गालाला टेकवली :
"हे त्याची माय व्हय."

चौथ्यात ती नाही.
जेवणाचं टेबल. सात माणसं, आठ खुर्च्या.
सावद्याच्या बाया त्या खुर्चीसाठी रडल्या.
गोष्टीत खुर्चीला काही काम नव्हतं.

पाचवा डबा लाजिरवाणा. रबरी वटवाघळं,
रोमच्या शिपायाच्या मनगटावर घड्याळ.
पोरं शिट्ट्या मारायची, मामा चिडायचे :
"हासू नका रे. त्याच्याबी घरी चूल असीन."

सहाव्यावर नाव नाही. आत गोष्टही नाही.
एक भिंत. तिच्यावरून ऊन सरकतं.
मग कोटातला एक जाडा गृहस्थ येतो,
खुर्ची बोटभर हलवतो, उजेडाकडे बघतो,
जातो.
तेवढ्यात मामा बोलत नसत.
"बोला ना, तोतारामभाऊ!" तंबू ओरडायचा.
मामा छडी पाठीमागे धरत.

पुढे पुण्याहून एक बाई आल्या, वहीत तारखा घेऊन.
म्हणाल्या, हा अनाथालयात वाढला. आई अशी नव्हतीच.
ती म्हातारी कपडेपटातली शिंपीण,
त्याच्या मागे नऊ वर्षं जगली.
चौथ्याच्या वेळी? पगारावरून भांडून गेली होती.
मामांनी कळण्याची भाकरी मोडली,
ठेचा बाईंच्या पुढे सरकवला.
"मंग? मी काय म्हनलं व्हतं?"

डबे आता केळी पिकवायच्या खोलीत आहेत.
फिल्मला शिरक्याचा वास सुटलाय.
पाचव्याचा नुसता गोळा झाला.
सहावा परवा मी ओट्यावर उन्हात धरून पाहिला :
भिंत, भिंत, भिंत, एक कोपर,
भिंत.