पान एक्केचाळीस

गुरुवारी औषधांची ट्रॉली फिरून गेली की
मी मिसेस पिकर्सगिलना खून वाचून दाखवते.
स्कारबरो, समुद्राकडची खोली, काचेवर मिठाचा थर.
त्यांना आता फक्त उजेड कळतो, आणि लबाडी.

पुस्तक एकोणीसशे चौतीसचं, पाठीला चिकटपट्टी.
पुस्तकांच्या खोलीत कर्नलचं प्रेत,
बाहेर बर्फ, बर्फावर एकाच माणसाची पावलं.
मला आवडतं हे, खोटं कशाला बोलू?
रात्रपाळीनंतरच्या बसमध्ये
अशा कितीतरी कर्नलांचा मी फडशा पाडलाय.

मध्येच एखादं वाक्य येतं,
घासात खडा लागावा तसं:
त्या बेटांवरच्या लोकांच्या रक्तातच असतं म्हणे काहीतरी.
माझी आई बार्बाडोसची.
मी खडा जिभेने बाजूला सारते
आणि आवाज न बदलता पुढे जाते.

पान एक्केचाळीसवर चार ओळी अशाच गाळल्या.
बेटावरचा स्वयंपाकी, त्याची नजर, त्याचा वास;
आणि मोलकरीण मेबल, मठ्ठ,
तसल्या पोरी असतात तशी.

तीन आठवड्यांनी इन्स्पेक्टरने सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलं.
खुनी निघाला डॉक्टर.
मिसेस पिकर्सगिलनी कप खाली ठेवला.
"हे कुठून आलं? आयनी, तू काहीतरी गिळलंस."

मागे गेले.
मेबल म्हणाली होती, घड्याळाचे ठोके दोनदा पडले.
मठ्ठ पोरगी, कोण ऐकतंय?
अख्खा उलगडा त्या शिवीच्या पोटात ठेवलेला.
लिहिणाऱ्याला ठाऊक होतं, वाचक शिवीला मान डोलावेल
आणि ठोके त्याच्या कानावरून जातील.
माझ्याही गेले. माझं कारण वेगळं,
पण गेले.

"वाच," त्या म्हणाल्या. "सगळं.
चौदाव्या वर्षी मी असल्याच घरात शेगड्या घासायचे.
मालकिणीने मला मेरी केलं,
आधीचीही मेरीच होती, नाव शिकायचा त्रास नको म्हणून.
त्या घरात कोण किती वाजता कुठल्या खोलीतून निघतं
हे मला पाठ होतं.
कुणी विचारलं नाही."

मी वाचलं. स्वयंपाक्याच्या ओळीला
घसा शाळेतल्यासारखा कोरडा पडला.
बराच वेळ फक्त सीगल ओरडत होते.
"गाढव," त्या म्हणाल्या. मग, जरा नाइलाजाने,
"कोडं मात्र झकास घातलंय मेल्याने."

मी म्हटलं, पुढच्या वेळी खडे निवडून आणते.
"नको. खड्यांसकट वाढ.
माझे दात तसेही खोटेच आहेत."