डाग कुठल्या बाजूला

कुटाइसीच्या भाजीबाजारामागे, जिन्याखालच्या माझ्या दुकानात
ओतिया आला तो लॅपटॉप पोटाशी धरून,
टॉवेलात गुंडाळलेला,
आजारी कोंबडी आणावी तसा.

"खातुना, डाग जात नाही."

झाकण उघडलं. पडद्याच्या मधोमध
तळहाताएवढा पांढुरका ढग,
आणि ढगात गोल गोल ओरखडे.

"कशानं पुसलंस?"
"चाचानं," तो म्हणाला, जरा ताठ होऊन.
द्राक्षांच्या चोथ्यातून घरी काढलेली, घोटागणिक जाळत जाणारी.
त्याच्या घरात तिच्यानंच सर्दी जाते, गुडघे चालतात,
मेलेल्यांची नावं घेता येतात.
"आणि वर्तमानपत्रानं.
तीस वर्षं मिनीबसची काच अशीच पुसली.
झेस्ताफोनीच्या रस्त्याला चिखल असो, धुकं असो,
माझ्या काचेवर बसायला माशी लाजायची."

मग मी सांगितलं, जे सगळ्यांना सांगते,
सांगून सांगून माझ्या जिभेवरचाच थर निघालाय:
आधी बंद कर. वायर काढ. निवू दे.
पडदा काळा झाला की डाग आपणहून पुढे येतो.
चष्म्याचं मऊ फडकं घे, कोरडं.
धूळ उचलायची, ओढायची नाही.
हटलाच नाही तर टोक ओलं कर,
फडक्याचं, ओतिया, पडद्याचं नव्हे;
थेंब ओघळला की कडेच्या फटीतून आत शिरतो
आणि आत शिरलेलं पाणी कुणाचं ऐकत नाही.
पाणीही डिस्टिल्ड, नळाचं पांढरे ठिपके सोडतं.
हात असा ठेव, जणू झोपलेल्या पोराच्या
गालावरचा डास उडवतोयस.
काचेचा निळा स्प्रे नको, पेपर नको,
आणि चाचा तर

तो टोपी चुरगाळत ऐकत होता.
"मग हा ढग?"
"डाग कधीच गेला. उरलंय ते तुझं पुसणं.
ते पुसता येत नाही."

स्टुलावर बसला. मग हळूहळू बोलला.
नाझिब्रोला नऊ वर्षं बारीला आहे, इटलीत.
एका म्हाताऱ्या बाईला दर दोन तासांनी कुशीवर वळवते.
रविवारी पाचला फोन.
हिवाळ्यापासून म्हणतेय, तू धूसर दिसतोस,
नीट खातोस ना?
हा म्हणायचा, थांब. घासायचा. आता?
अजून तसाच.
पुढच्या रविवारी आणखी जोर, आणखी चाचा.

मी पडद्याच्या वर पाहिलं.
मसुरीच्या दाण्याएवढा कॅमेरा,
त्यावर अंगठा, अख्खा, अक्रोडाच्या तेलाचा.
रोज तिथेच धरून तो झाकण उघडत असणार.
कोरडं टोक ठेवलं, एकदा फिरवलं.
झालं.

"तिला तू पडद्यातून दिसत नाहीस. इथून दिसतोस."
तो वाकून बराच वेळ त्या छिद्राकडे बघत राहिला.
"एवढ्याशातून?"

नव्या पडद्याची किंमत सांगितली.
त्यानं बोटं मोजली, मिटली.
हा लॅपटॉपही तिच्याच पैशांचा. राहू दे, म्हणाला.
मी फक्त टॉवेल बदलला, त्याचा खरखरीत होता.

सोमवारी दुकान उघडतेय तर दारात उभा,
दाढी केलेली, हनुवटीवर कापल्याची खूण.
काउंटरवर बाटली ठेवली, कागदाची चिठ्ठी चिकटवलेली:
फक्त पिण्यासाठी.

"दिसलास का तिला?"
"दिसलो. आधी काही बोललीच नाही.
मग म्हणाली, ओतिया, किती म्हातारा झालास रे."

"आणि तू काय म्हणालास?"

टोपी डोक्यावर नीट बसवत तो म्हणाला,
"काय म्हणणार? जे दिसलं तेच.
म्हटलं, तू मात्र गेलीस तश्शीच आहेस."