सळीची मूठ

सहा दिवस आम्ही अकराजणी शाळेच्या खोलीत बसलो,
पोरांच्या बुटक्या बाकांवर, गुडघे हनुवटीशी.
इनास डॉक्टरीण इस्माइलियाहून आली होती,
पहिल्याच दिवशी तिचे बूट वाळूनं भरले.

ती म्हणाली, एक लिटर पाणी घ्या.
रुबैय्यानं विचारलं, कुणाचं लिटर?
विहिरीचं, की टँकरवाल्याचं?
हसू थांबल्यावर चहाचे पेले मांडले.
दहा पेले पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ,
आणि चाखून बघायचं:
आसवांहून खारट नको.
ते माप सगळ्यांनाच ठाऊक होतं.

सातव्या दिवशी पिशवी घेऊन घरी आले.
टांगायचा काटा तंबूच्या मधल्या खांबाला बांधला.
सुवैलिम काखेत कोकरू घेऊन हजर,
विकायच्या आधी वजन करून दे.
म्हटलं, आधी तुझी नात आण.
आणली.
नात कोकरापेक्षा हलकी निघाली.
तो काही बोलला नाही.
कोकरू मात्र त्या आठवड्यात विकलं नाही त्यानं,
त्याच्या आईचं दूध पोरीला पाजलं, उकळून,
मी सांगितलं तसं.

आणि फुरैजा.
सासू माझी, त्याआधी आत्या.
अख्ख्या वादीत तिची सळी प्रसिद्ध:
कावीळ झाली, डाग. पोट धरलं, डाग.
पोर झोपेत दचकलं, तरी डाग.
माझ्या बेंबीशेजारचे दोन तिच्याच हातचे,
मी चार वर्षांची होते,
आणि खरं सांगायचं तर तेव्हा मी बरी झाले होते.
म्हणून तिच्याशी वाद घालता येत नाही.

तीन आठवडे तिनं पिशवीकडं बघितलं नाही.
मग एका रात्री शेकोटी विझता विझता
बाही वर सारून हात पुढं केला,
तोंड दुसरीकडं, जणू हात कुणा शेजारणीचा.
पट्टी गुंडाळली. फुगा दाबला.
नळीतून ऐकू आली ती,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला न रागावता.

"किती?"
एकशे ऐंशी.
"जास्त आहे?"
आहे.
"मग आता कुठं डागशील?"

म्हटलं, शनिवारी जीप जाते, तूरच्या दवाखान्यात जाऊ.
आणि मीठ कमी कर.
"मिठाशिवाय बकरीचं चीज उन्हाळ्यापर्यंत टिकतं का,
विचार तुझ्या डॉक्टरणीला."
विचारीन म्हटलं. मलाही माहीत नव्हतं.

मला आकडे येतात, अक्षरं अजून नाहीत,
म्हणून वहीत नावाच्या जागी चित्रं काढते.
सुवैलिमच्या नातीला कोकरू.
रुबैय्याच्या जावेला, जिला आठवा लागलाय, भरलेली घागर.
फुरैजाच्या आकड्यापुढं मी सळी काढली.

तिनं वही ओढून घेतली, निखाऱ्याजवळ धरली.
"ही कोण?"
तू.
बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली,
"मूठ वाकडी काढलीस."